मागच्या सीटवरून समुद्राकडे

पैठणला जायकवाडीच्या काठावर उभं राहून माझ्या मुलीनं जाहीर केलं की तिनं समुद्र पाहिला. ती तेव्हा पहिलीत होती. हे धरण आहे, समुद्र नाही, असं मी सांगितलं, तर तिनं विचारलं, मग फरक काय? समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाही, एवढंच मला सुचलं. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ पलीकडं पाहिलं. काठ दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून खरा समुद्र दाखवा म्हणून तिनं आम्हाला सुख राहू दिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत डहाणूकडं समुद्रकाठी बोर्डीला जायचं ठरलं. आम्ही पाच जण. मी, बायको, मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईला यायचं नव्हतं. "पाणीच तर हाय ते. जायकवाडी पाहिली की बास," असं तिचं म्हणणं. साठी उलटली तरी तिनंही समुद्र पाहिला नव्हता, पण त्याची खंत तिला कधी वाटली असेल असं मला वाटत नाही. नातवाला तिथं कोण सांभाळणार, या एका मुद्द्यावर ती तयार झाली.

गाडी बायको चालवते. माझा एक डोळा लहानपणापासून अधू आहे आणि बिडकीनला कंपनीची बस नेते-आणते, त्यामुळं स्टेअरिंगला हात लावायची वेळ माझ्यावर आलीच नाही. बायको शिकली ती गेल्या वर्षी, शाळेतल्या दोघी मैत्रिणींबरोबर, सिडकोतल्या एका मोकळ्या मैदानावर. शहराबाहेरचा तिचा अनुभव म्हणजे रविवारी खुलताबादपर्यंत जाऊन येणं. समृद्धी महामार्गानं लवकर पोचलो असतो, पण तीच म्हणाली की तिथं मनात येईल तेव्हा थांबता येत नाही, आणि आपल्याकडं तर दर अर्ध्या तासाला कुणाला तरी लघवी लागते. म्हणून जुन्या रस्त्यानं निघालो, उजाडता उजाडता. आई पुढं बायकोच्या शेजारी, मी मागं दोन्ही पोरांच्या मधोमध.

देवगाव रंगारी मागं पडलं आणि मुलानं सकाळचं दूध माझ्या मांडीवर ओकून टाकलं. एका शेताकडेला गाडी थांबवली. कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून बांधावर आल्या. विहिरीवरची मोटार चालूच होती, तिच्या पाण्याखाली मी माझी पँट आणि मुलगा दोन्ही धुतले. गार पाणी अंगावर पडलं तसा तो खुलला आणि हे आपण पुन्हा करू या का, असं विचारायला लागला. एकीनं बांधावरच्या झाडाचं लिंबू तोडून त्याच्या हातात दिलं आणि हुंगत राहा म्हणाली. तो लिंबू नाकाशी धरून झोपला, तो नाशिक येईपर्यंत उठलाच नाही.

त्र्यंबकच्या पुढं डोंगर सुरू झाले. मोखाड्याच्या आसपास एका चढावर पुढचा भरलेला ट्रक अचानक थांबला. बायकोनं ब्रेक मारला. ट्रक हलला तशी ती गाडी उचलायला गेली आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी गाडी हातभर मागं सरकली. तिनं हँडब्रेक ओढला. मागं रांग लागली होती आणि हॉर्न वाजायला लागले होते.

मी बोलायला लागलो. क्लच हळू सोड, आधी थोडा ॲक्सिलरेटर दे, असं काहीबाही. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं बसून जेवढं कळलं तेवढं सगळं.

आई मागं वळली. "तुला येतं का चालवायला?"

"नाही."

"मग गप बस."

मी गप बसलो. पोरंही बसली. आईनं पाण्याची बाटली उघडून सुनेच्या हातात दिली. "पी आधी. मागचे थांबतेत. घाई आसंल त्यानं वरून उडून जावं."

बायको हसली. दोन घोट पाणी प्यायली, तोंडावरून हात फिरवला, आणि मग गाडी जी निघाली ती चढ संपेपर्यंत थांबली नाही. वर सपाटी लागल्यावर तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली आणि एका दगडावर बसून राहिली. मी उतरायला लागलो तर आईनं हातानंच थांबवलं. थोड्या वेळानं बायको परत आली ती, घराकडं परत जायचं कुणी म्हणू नका, असं बजावतच. कुणी म्हणत नव्हतं.

बोर्डीत चिकूच्या बागेतल्या एका घरी आमची राहायची सोय होती. सामान तिथं टाकलं आणि सूर्य मावळायच्या आत किनारा गाठला. सुरूच्या झाडांतून मुलगी सगळ्यांच्या पुढं पळाली आणि एकदम थबकली. पुढं नुसती ओली, करडी वाळू. पाणी पार लांब, एका चकाकत्या रेघेएवढं.

"पाणी कुठं गेलं?" तिनं विचारलं.

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कपाळावर हात धरून तिनं सगळीकडं पाहिलं. "एवढ्या लांब आलो," ती म्हणाली, "अन् हा बी आटलेलाच."

बायकोला हसू आवरेना. ओहोटी आहे, सकाळी पाणी परत येईल, असं मी मुलीला समजावलं. घरमालकीणबाईंनीही जेवताना तेच सांगितलं. पण मुलीच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. तिचंही बरोबर होतं. आमच्याकडं गेलेलं पाणी रात्रीतून परत येत नाही.

सकाळी पोहे खाऊन पुन्हा गेलो. पाणी खरंच येत होतं. मुलीनं वाळूत टाचेनं रेघ मारली, पाणी ती पुसून पुढं आलं. तिनं मागं सरून दुसरी मारली. असं करत ती झाडांपर्यंत आली आणि मग फ्रॉक भिजतोय का वगैरे काही न बघता सरळ लाटेत शिरली. बायको तिच्यामागं धावली.

मुलगा मात्र माझ्या मानेला चिकटला. खाली ठेवलं की रडायचा, पाण्याकडं पाठ करून उभा राहायचा. मी नाना परीनं समजावलं, शिंपले दाखवले, काही उपयोग झाला नाही.

आईनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, लुगड्याचा काठ वर खोचला आणि गुडघाभर पाण्यात गेली. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, थुंकलं. "लई खारट हाय," ती मागं वळून म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. लाट आली, तिच्या छातीपर्यंत चढली, उतरली. ती हलली नाही. बसलेली आजी ही मुलाच्या रोजच्या ओळखीची जागा. तो माझ्या कडेवरून उतरला, माझं बोट धरून पाण्यापर्यंत आला, मग ते सोडून तिच्या मांडीत जाऊन बसला. पहिल्या लाटेला त्यानं तोंड तिच्या पदरात खुपसलं. चौथ्या-पाचव्या लाटेला तो पाण्याला हाका मारत होता.

जेवणाची वेळ टळून गेली. पोरांना टॉवेलात गुंडाळून बायको झाडाखाली चिकू सोलून देत होती. आई अजून पाण्यातच होती. मी बोलवायला गेलो.

"परत कधी निघायचं?" तिनं विचारलं.

उद्या सकाळी, असं मी सांगितलं.

तिनं एक लाट अंगावरून जाऊ दिली. मग म्हणाली, "कंपनीला फोन लाव. परवा जाऊ."

मी ओल्या वाळूत उभं राहून साहेबांना फोन लावला. लाटांच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नाही, पण रजा मिळाली.