वाकलेलं सोटमूळ

तिला सगळेच मावशी म्हणत. मळ्याचा मॅनेजर म्हणे, ट्रकचा ड्रायव्हर म्हणे, आणि तिच्याहून तेरा वर्षांनी मोठे असलेले मास्तरसुद्धा मावशीच म्हणत. एकदा तिने वैतागून विचारलं, "अहो मास्तर, तुमची मावशी असायला मी काय शंभरीची आहे का?" मास्तर म्हणाले, "मग काय म्हणू? तुमचं नाव तर हजेरीच्या वहीलाही ठाऊक नाही." ते खरंच होतं. वहीतही 'मावशी, रोपवाटिका' एवढंच लिहिलेलं असे.

रोपवाटिका म्हणजे कॉफीच्या मळ्याच्या कडेला हिरव्या जाळीखालचा लांबट मांडव. मावशीची तीस वर्षं त्याच्या सावलीत गेली. वाळूच्या वाफ्यात बी पेरायचं, दीड-दोन महिन्यांनी अंकुर बियांच्या टोप्या घालून रांगेत उभे राहिले की एकेक उपटून मातीच्या पिशवीत लावायचा. "एवढंच ना?" असं नवी आलेली बाई म्हणायची आणि मग दिवसभर मावशीची बोलणी खायची. कारण कॉफीच्या रोपाचं सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारं मधलं मूळ, लावताना वाकलं की त्या झाडाचा निकाल लागला. आणि झाड इतकं लबाड, की ते कोणाला कळू देत नाही. पिशवीत हिरवंगार, जमिनीत हिरवंगार. तीन-चार वर्षांनी पहिलं भरघोस फळ अंगावर आलं की पिवळं पडतं आणि मान टाकतं. तोवर ते कोणाच्या हातचं, हे कोण विचारत बसणार?

म्हणून मावशीची रीत ठरलेली. मुळाहून बोटभर खोल भोक पाडायचं, रोप आत सोडायचं, माती लोटायची आणि दाबण्याआधी रोप हलकेच वर ओढायचं, म्हणजे मूळ ताठ होतं. "झोपलेल्या पोराला बखोटीला धरून उठवता ना, तसं. फक्त जरा प्रेमाने," असं ती शिकवायची. जीभ तिखट होती, पण तिच्या हाताखाली शिकलेल्या बाईला कुठलाही मळा डोळे झाकून कामावर घेई.

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, मग बायको गेली, आणि घरामागच्या उतारावर कॉफी लावायचं त्यांच्या मनाने घेतलं. मुलं म्हणाली, सत्तरीत कसले हे नसते उद्योग! मावशीने मात्र चारशे रोपं करून द्यायचं कबूल केलं. "आपल्या झाडाची कॉफी एकदा प्यायची," मास्तर म्हणाले, "मग वरून बोलावणं आलं तरी हरकत नाही."

"वरचा कशाला बोलावतोय? त्याला तुमची बडबड झेपायला नको?" मावशी म्हणाली.

त्या चारशेतली शेवटची शंभरेक रोपं राहिली होती, तेव्हा भर दुपारी फोन आला. परगावी लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिली खेप, त्यात अडलेली. मावशीच्या पुढ्यात अंकुर उपटून ठेवलेले, मुळं उघडी. तशीच टाकून जावं तर संध्याकाळपर्यंत वाळून कोळ होणार, आणि बाकीच्या बायका फळं तोडायला वरच्या डोंगरावर. मावशीने ती शंभर रोपं पिशव्यांत खुपसली. दुसरा शब्दच नाही त्याला. भोकं उथळ, वर ओढणं नाही, अंगठा दाबला की पुढचं. हात धुवायलाही न थांबता तिने बस गाठली.

आठवड्याने परत आली तेव्हा चारशेच्या चारशे रोपं सारखी तरतरीत उभी. कुणीतरी पिशव्या इकडच्या तिकडे लावून ठेवल्या होत्या. कुठली कुठली, तिलाही ओळखू येईना. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तीस वर्षांत नावाला बट्टा लागला नव्हता, आणि त्या साली पुन्हा पेरायला बीही उरलं नव्हतं. होतील सरळ आपोआप, असं तिने स्वतःला समजावलं. हेच दुसरी कोणी म्हणाली असती, तर मावशीने तिची खरडपट्टी काढली असती.

रोपं मास्तरांच्या उतारावर गेली. मावशी दर आठवड्याला बघायला जायची. मास्तर आपल्या हाताने कॉफी करायचे, ती इतकी कडू आणि गाळानं भरलेली, की औषध परवडलं. मावशी ती मुकाट्याने प्यायची, कारण हा माणूस तिला फार आवडायचा. सोबत कॉफीचा इतिहास फुकट मिळे. इथिओपियाच्या जंगलात हे झाड मुळात आपोआप उगवायचं. पुढे येमेनच्या लोकांनी त्याची शेती केली, आणि म्हणे परक्यांना बी विकताना ते आधी उकळून द्यायचे.

"उकळलेलं बी उगवणार कसं?"

"उगवू नये म्हणूनच तर!"

"अप्पलपोटे मेले," मावशी म्हणाली.

दोन वर्षं अशी गेली. लेकीची लेक दुडदुडायला लागली, रोपं मास्तरांच्या कमरेला आली. नातीला बघून मावशीचा जीव सुपाएवढा व्हायचा आणि लगेच ती शंभर रोपं आठवायची, कारण नातीचं आणि त्यांचं वय एकच होतं.

मग एका सकाळी मास्तरांनी एका खलाशाची गोष्ट काढली. जहाजावरून कॉफीचं एकच रोपटं घेऊन तो समुद्रापलीकडे निघाला होता. वाटेत पाण्याचा तुटवडा पडला, तर या बहाद्दराने आपल्या वाट्याच्या घोटातलं पाणी त्या रोपट्याला पाजलं. "तिकडच्या कितीतरी बागा त्या एका रोपट्याच्या वंशातल्या, असं सांगतात," मास्तर म्हणाले. "मावशी, मला तर त्या खलाशात तुम्हीच दिसता."

 मावशीने कप खाली ठेवला.

"मी त्यातली नाही, मास्तर. तुमची शंभर रोपं मी नासवली आहेत." आणि तिने सगळं सांगितलं. फोन, बस, उथळ भोकं, दोन वर्षं गप्प राहणं. एकही शब्द मऊ करून सांगितला नाही.

 मास्तरांचा आवाज चढला. "घाईचं मला काही नाही, मावशी. घाई माणसाकडून होते. पण दोन वर्षं? माझ्याकडे दुसरं आहे काय? वर्षंच तर मोजून उरलीत!"

मावशीला रडू फुटलं. या बाईला मळ्यात कोणी रडताना पाहिलं नव्हतं. मास्तर उठून आत गेले. ती पायरीवरून उठायच्या बेतात होती, तेवढ्यात ते पायात बूट चढवून, जुनं धोतर फाडून त्याच्या चिंध्या घेऊन बाहेर आले. "ओळखायची कशी ती सांगा."

बुंध्याशी धरून झाड हलवायचं. सरळ मुळाचं हलत नाही, वाकड्या मुळाचं दाढेसारखं डुगडुगतं. मावशी गुडघ्यांवर बसून झाड हलवत गेली, मास्तर मागून चिंधी बांधत गेले. उन्हं कलेपर्यंत त्र्याहत्तर झाडांना चिंध्या लागल्या; शंभरातली बाकीची नशिबानेच सरळ रुजली होती. शेवटची गाठ मारताना मास्तरांनी विचारलं, "त्या दिवशी पोचलात का वेळेवर?"

"नाही. बस वाटेत बंद पडली. मी गेले तेव्हा पोरगी दोन तासांची झाली होती."

मास्तर एकदम हसले. "म्हणजे इकडे घाई आणि तिकडे उशीर! धन्य आहात." मग म्हणाले, "यांच्या जागी नवी रोपं तुमच्याच हातची पाहिजेत. पण या वेळी मीही लावणार."

"फळ धरायला पुन्हा चार वर्षं, मास्तर."

"बेरीज येते मला."

नवे अंकुर आले तेव्हा मास्तर खरंच जाळीखाली येऊन बसले.  पहिलं रोप लावायला त्यांना इतका वेळ लागला, की शेजारच्या बाईची आठ झाली. माती दाबून त्यांनी पिशवी मावशीपुढे धरली. चेहरा असा, की नापास करायला काळीज दगडाचं हवं.

"जमलं ना?"

मावशीने रोप हळूच उपसून पाहिलं. मुळाचं टोक जरासं वळलं होतं. मास्तरांची पंचाहत्तरी जवळ आली होती, आणि हो म्हणायला तिचं काहीच जाणार नव्हतं.

"नाही, मास्तर. वाकलंय."

मास्तरांनी मान डोलावली आणि दुसरा अंकुर उचलला.