आंबील : एक रात्र

लातूरहून एसटी सुटायला पाच मिनिटं होती आणि आई खिडकीखाली उभी राहून म्हणत होती, "लिहून घे, इसरशील." हातात होतं ते नोकरीच्या पत्राचं पाकीट. त्याच्या पाठीमागे मी लिहीत गेलो. थंडीत बाजरीच खायची, ज्वारी नाही. तीळ, कारळं, जवस. हरभऱ्याचा पाला वाळवून बांधलाय, तो पहिल्या महिन्यात संपवायचा नाही. आंबील दोन दिवस आधी भिजवायची. ताटात रोज काहीतरी हिरवं. बस हलली तेव्हा ती शेजारून चालू लागली आणि ओरडली, "आन् गाजरं!" तेही लिहिलं.

आईला लिहिता-वाचता येत नाही. म्हणूनच बहुतेक तिचा लिहिलेल्यावर फार विश्वास.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे पिशवी उचलून आलेल्यांसाठीही. गावाकडच्यांना वाटतं, आम्ही इथे वडापावावर जगतो. आलेल्यांतले बरेच जण खरोखरच तसे जगतात. मी जगलो नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर आहे. कुठली वस्तू कधी येते, कुठे ठेवायची, किती दिवस टिकते, हे माझं काम. तेच मी घरात केलं. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून ते पाकीट लॅमिनेट करून लावलंय. स्वयंपाक मीच करतो. सुनंदाची, माझ्या बायकोची, दवाखान्यात सकाळची शिफ्ट असते.

पाकिटाखाली हळूहळू दुसरी यादी वाढली, इथली. दिवाळीच्या सुमारास कोनफळ आणि सुरण. मग ओली हळद, मुळा, वालाच्या शेंगा. ही यादी मला शिकवली बोनकोड्याच्या नाक्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या हिराबायने. ती इथलीच, आगरी. पहिल्या वर्षी तिच्याकडून कोनफळ नेलं, कापलं, तर आतून जांभळं. मला वाटलं सडलंय. तावातावाने परत घेऊन गेलो. ती अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं हसली. "आगं बघा गं, ह्याला कोनफल सरलेलं वाटतंय! बाला, तुजे गावाला मानसा खातान तरी काय?" त्या दिवसापासून मी तिचं गिऱ्हाईक.

गेल्या हिवाळ्यात मात्र माझ्या याद्या कमी पडल्या. वडील गेल्यावर आई गावात एकटी राहिली. एका माणसासाठी कुठे चूल पेटवायची, म्हणून भाकरी आणि लोणच्यावर तिने सगळी थंडी काढली. ज्या बाईने मला गाजरंसुद्धा लिहायला लावली, तिच्या चोळीच्या बाह्या सैल झालेल्या मी पाहिल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी झालंय, असा आणखी एक हिवाळा चालणार नाही.

यंदा दिवाळीला मी तिला घेऊन आलो. आठ दिवसांत तिचं सुरू झालं. "हितं हिवाळा येतच न्हाई. पंखा लावून बाजरी खावी का मानसानं?" आणि मग खरं कारण. "येळवशीला मला शेतात पायजे."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावच्या गाव शेतात असतं. कडब्याच्या खोपीत पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला भज्जी-आंबील वाढायची. भज्जी म्हणजे त्या थंडीत शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात, बेसन लावून. शेत आता चुलतभाऊ करतो, पूजाही त्याने केली असती. पण आईला गावाला जायचं होतं, आणि गेली की ती परतणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "इथे करू."

"कुठं, लिफ्टात?"

शेवटी सौदा ठरला. येळवस इथे रीतसर झाली तर हिवाळाभर राहीन. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसव. तिकीट तिने माझ्याकडून आधीच काढून घेतलं.

मला टेन्शन नव्हतं. एकोणीस वस्तूंची यादी केली. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा सोलाणा, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, चिंच, बोरं सगळं वाशीच्या मार्केटात मिळालं. शेताचा प्रश्न हिराबायने सोडवला. जासईला तिच्या भावाचा तुकडा आहे, भात निघाल्यावर त्यात वाल लावलेला. आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दोन दिवस आधी मी ताकात ज्वारीचं पीठ भिजवलं, झाकण लावलं, यादीवर टिक केली.

आदल्या दिवशी सकाळी सुनंदाने हाक मारली. झाकण बाजूला पडलं होतं, पीठ डब्यातून उतरून ओट्यावरून खाली चाललं होतं, आणि आंबूस वास दारापर्यंत. आईने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. "हे देवाला दावू?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन लुगडी घडी करू लागली. पिशवीत भरण्यासाठी.

मी फडकं घेऊन ओटा पुसत होतो. यादीप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. कुठे चुकलं तेच कळेना. तेवढ्यात हिराबाय शेंगांची टोपली घेऊन आली. तिने डबा पाहिला, मला पाहिलं.

"कधी भिजवलास?"

"काल सकाळी. येळवशीच्या दोन दिवस आधी. आईनेच सांगितलेलं."

"आरं बाला, तुजे गावची थंडी पन डब्यान भरून आनलीस काय? इथं उकारा हाय. एक रात बास हाय."

आतल्या खोलीतली पिशवीची खसखस थांबली. मग आईचं हसू ऐकू आलं. दिवाळीपासून पहिल्यांदा. ती पदर खोचत बाहेर आली, हिराबायकडे बघत म्हणाली, "ह्या बाईला अक्कल हाय. तुझ्या कागदाला न्हाई." आणि मला, "पीठ उरलंय का? ताक आन."

दुसऱ्या दिवशी आम्ही जासईत. एका बाजूला कंटेनर एकावर एक रचलेले, मागून ट्रेलर जात होते, उलव्याकडून एक विमान डोक्यावरून गेलं. मध्ये वालाचं हिरवं. हिराबायच्या भावाने चार बांबू रोवून भाताच्या पेंढ्याची खोप केली होती. आईने पाच दगड स्वतः वेचले, धुतले, मांडले. आंबील एका रात्रीत अशी जमली होती की तिने स्वतःच दुसरी वाटी घेतली. ट्रेलरचा एक ड्रायव्हर कुतूहलाने थांबला, तर त्यालाही तिने हात धरून बसवलं. मी सगळ्यांना भज्जी वाढत होतो आणि मान उगाचच ताठ झाली होती.

दुपार कलल्यावर हिराबायच्या घरच्यांनी त्यांची पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा आणि बटाटे, मडकं उलटं करून भोवती जाळ. आईने आधी नाक मुरडलं. "पाण्याचा थेंब न्हाई, शिजतंय कसं?" मग एक शेंग खाल्ली. मग ओंजळभर. मग हिराबायच्या शेजारी सरकून बसली आणि दोघी शेंगा सोलत, एकमेकींचं अर्धंच कळत असताना, माझ्या कोनफळावर हसत राहिल्या.

घरी आल्यावर हात धुऊन ती थेट ओट्यापाशी गेली. कपाटाचं दार उघडलं.

"हितं आंबील कुठं लिवलीया?"

मी बोट ठेवलं.

"दोन खोड. एक लिही."

लॅमिनेशनवर पेन चालत नाही. मार्कर आणून दोनावर काट मारली, वर 'एक रात्र' लिहिलं. इतक्या वर्षांत त्या पाकिटावर पडलेलं ते पहिलं नवं अक्षर.

"आता फुडं लिही. भोगी. बाजरी, तीळ, गाजर, बोरं. आन् तिच्या वालाच्या शेंगा."

"भोगीला तू इथे?"

"मग? येळवशीनं हिवाळा संपतो व्हय? लिहून घे, इसरशील."

मला कुणी घर कुठलं असं विचारलं की मी अजूनही गावाचंच नाव सांगतो. पण आता ते सांगून झालं की पाहुण्याला ओट्यापाशी नेतो आणि कपाटाचं दार उघडून तो काट मारलेला दोन दाखवतो.