काळा पडदा आणि आक्का

बंद पडलेल्या लॅपटॉपला आक्का आधी कान लावायची. गिऱ्हाईक बिचारं तोंड पाडून उभं असायचं, स्क्रीन काळीठिक्कर, आणि ही बाई कीबोर्डावर डोकं टेकवून डोळे मिटून ऐकत बसलेली! आत पंखा फिरतोय असं कळलं की ती ताठ बसायची आणि निकाल द्यायची, "जिवंत आहे. नुसतं तोंड लपवून बसलंय."

सुरतला पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या मार्केटच्या मागे तिचं टपरीएवढं दुकान होतं. नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. तो गेल्यावर आक्का त्याच्याच स्टुलावर बसली, टीव्ही मागे पडले तशी लॅपटॉप उघडायला शिकली. राहायला मात्र सुरतच्याच कोसाड भागात, आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत. मूळची आमच्याच खान्देशाकडची, म्हणून बाबांना दरवर्षी राखी बांधायची आणि त्या नात्यानं आम्हा सगळ्यांना दरवर्षी झापायचीही.

काळ्या स्क्रीनवर ती तिरका टॉर्च मारायची. "बघ, आत पुसट चित्र दिसतंय ना? म्हणजे डिस्प्ले गेला नाही, मागचा दिवा गेलाय." मग चार्जर काढ, बॅटरी काढ, बटण नुसतंच दाबून धर, असं एकेक चाले. गुजराती व्यापारी घाबरून विचारायचे, "आक्का, डिस्प्ले गयो?" ही म्हणायची, "गयो नथी, रिसायो छे." रुसलाय नुसता! आणि मशीन सुरू झालं की काय विचारता! आजूबाजूच्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आक्काच्या हातातून मेलेलं उठून बसतं!" नम्रता वगैरे भानगड तिच्याकडे नव्हती. का असावी? येत होतं तिला.

माझ्या लॅपटॉपनं मात्र तिचा घाम काढला. कॉलेज संपलं होतं आणि माझी पहिली मुलाखत घरून, लॅपटॉपवरच होती. बाबा आधीपासून कुरकुरत होते, पोरीला असली नोकरी कशाला म्हणून. मला धीर यावा म्हणून आई साड्यांना लेस लावायचं काम घेऊन अगदी माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली. दुसऱ्याच प्रश्नाला स्क्रीन काळी. मुलाखत तुटली ती तुटलीच, त्या लोकांनी पुन्हा काही बोलावलं नाही. आई माझ्यापेक्षा जास्त रडली. बाबा म्हणाले, "आता दुसऱ्या मुलाखतीला असं झालं, तर हे खूळ बंद. मामानं आणलेलं स्थळ बघायचं."

आणि दुसरी मुलाखत तर दारात येऊन ठेपली होती. मी लॅपटॉप घेऊन धावत दुकानात गेले. "काय व्हयनं व माय?" म्हणत आक्कानं तो दिवसभर चालवला. एकदाही काळा पडला नाही मेला! घरी आणला, की तासाभरात काळा. पुन्हा दुकानात नेला, की शहाण्या बाळासारखा सुरू. शेवटी आक्का वैतागून म्हणाली, "दुकानात हे सोंग करतंय. ह्याला घरातच गाठायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या खोलीत येऊन मांडी ठोकून बसली. आईला म्हणाली, "वहिनी, तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मला पाहुणी समजू नका." मी लॅपटॉप लावला, आई साडी घेऊन शेजारी बसली, आणि थोड्या वेळात स्क्रीन काळी! तेवढ्यात आईची सुई पडली. खाली पडलेल्या सुया शोधायला तिच्याकडे जुन्या स्पीकरातला चुंबक असायचा. तो उचलून ती फरशीवर फिरवायला लागली. मी बटण दाबलं, स्क्रीन सुरू. सुई सापडली, आईनं चुंबक पुन्हा लॅपटॉपला चिकटून ठेवला. स्क्रीन काळी.

आक्काचे डोळे असे चमकले! लॅपटॉपच्या झाकणात बारीकसा चुंबक असतो, झाकण मिटलं हे मशीनला त्यावरनं कळतं. आईचा चुंबक जवळ आला की मशीनला वाटायचं झाकण मिटलं, आणि ते झोपी जायचं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कानं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं.

"वहिनी," ती अगदी सहज म्हणाली, "हा चुंबक मला देता का? माझे स्क्रू सारखे पडतात." आईनं लगेच दिला. बाबा आल्यावर आक्का म्हणाली, "मला काही सापडलं नाही, भाऊ. आपोआप बरं झालं." जिन्यात मला दटावलं, "पहिली मुलाखत आपल्यापायी गेली हे कळलं तर तुझी आई जन्मभर नीट घास गिळणार नाही. बोललीस तर याद राख."

दुसऱ्या मुलाखतीला आई खोलीत थांबलीच नाही, जिन्यात जाऊन बसली. मला वाटलं, घाबरली असेल. नोकरी लागली. स्थळ परत गेलं. आणि बाबांना आयुष्यभराची थट्टा मिळाली. कुणीही पाहुणा आला की सुरू, "आमची आक्का सगळ्या सुरतचे लॅपटॉप उठवते, भावाचाच तेवढा जमला नाही!" एवढ्या तोऱ्याची बाई, पण हसून ऐकून घ्यायची. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

यंदा तिची नजर अधू झाली. बारीक स्क्रू दिसेनात, म्हणून दुकान बंद करून ती अमळनेरला लेकाकडे निघाली. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला होती. आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. पहिल्या घासालाच बाबांनी तेच पुराण काढलं, "आक्का, आमचा लॅपटॉप काही तुला..."

"जमला होता," आई म्हणाली. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं. "माझ्या चुंबकानं बंद पडत होता. पोरीची पहिली मुलाखत माझ्यामुळे गेली. मला कळू नये म्हणून आक्कांनी चुंबक मागून नेला आणि इतकी वर्षं तुमची टिंगल सोसली."

आक्काचा घास हातातच राहिला. "वहिनी, तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. रोज स्क्रू काढणाऱ्या बाईकडे चुंबक नसतो होय? आणि माझा गेला तसा लॅपटॉपही बरा झाला. पण तुम्ही इतक्या मायेनं झाकलंत, मला उघडायला मनच होईना. आज तुम्ही निघालात. हे ऐकत कशा जाल?"

आक्का डोळे पुसत उगाच ओरडली, "अहो वाढा आता, पोळी गार होतेय!" तर आईच्या आधी बाबा उठले. घरात कधी पाण्याचा पेलाही हातानं न घेणारा माणूस! तुपाची वाटी घेऊन ते आक्काच्या पानासमोर बसले आणि तिच्या पोळीवर तूप वाढत राहिले. आक्का "पुरे, पुरे" म्हणत होती, पण त्यांचा हात काही थांबेना.