आपलाच हात

मेघनाचा उजवा हात मध्येच झटक्याने वर जातो आणि घशातून हुंकार निघतो. अभ्यासिकेत ती माझ्या शेजारी बसते. घरी तिला अभ्यासाला जागा नाही आणि परीक्षा तोंडावर आली आहे.

“मुद्दाम करतेस का गं?” एकीने विचारलं.

“मुद्दाम करायचं तर नाचले नसते का?” मेघना म्हणाली.

तिची आई मीठमोहरीने दृष्ट काढते. डॉक्टर म्हणतात, कदाचित शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आपल्या पेशींना परकं समजत असेल. खात्री अजून कुणालाच नाही. मी मोर्चांमध्ये पत्रकं वाटत वाढले. शत्रू बाहेर असतो, हे मला पाठ होतं. राखणदारच इमानाने आपलं घर फोडत असेल, तर घोषणा कुणाविरुद्ध द्यायची? त्या राखणदाराचा विचार आता माझी पाठ सोडत नाही.

आमची अभ्यासिका आम्हीच चालवतो. निर्णय हात वर करून होतात. आज शांतता राखण्यासाठी मेघनाला काढायचं का, हे ठरणार होतं. मी तावातावाने विरोधात बोलले. मग आमच्या अध्यक्षाने विचारलं, “काढावं असं कुणाकुणाला वाटतं?”

कुणाचाच हात उठेना. तेवढ्यात मेघनाचा हात झटक्याने वर गेला.

कुणी हसलं नाही. त्यानंतर, जणू तिनेच मुभा दिल्यासारखे, एकेक करून बाकीचे हात वर आले.