जवळ कोणी आहे का?

आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे फोनताई म्हणायचे. मी केसपेपरच्या खिडकीवर, ती शेजारी फोनवर. साथीत नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तेव्हा माणूस गेल्याचं घरी कळवायचं काम तिच्यावर आलं. साहेब म्हणाले, तुमचा आवाज गोड आहे. गोड बोलणाऱ्याच्याच गळ्यात धोंड बांधायची, ही जगाची रीतच आहे.

तिनं स्वतःची एक पद्धत ठरवली. आधी विचारायचं, "जवळ कोणी आहे का?" मग म्हणायचं, "जरा बसून घ्या." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मगच बातमी. आणि समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. मास्कमुळे फोन स्पीकरवर असायचा. पलीकडचं रडणं मलाही ऐकू यायचं आणि ही नुसती गप्प बसून राहायची. मी चिडायचे, "अगं, पाणी तरी पी!" घरी जाताना ती मोठ्या बहिणीला, अक्काला, फोन करून सगळं सांगायची. मन मोकळं करायला तेवढी एकच जागा होती तिला.

पुढे साथ इतकी भडकली की वॉर्डातून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येऊ लागल्या. चिठ्ठीवर फक्त खाटेचा नंबर आणि घरचा फोन. खुर्ची सरकायची वाट बघायला वेळ कुणाला? त्यातच अक्काचे यजमान, हिचे दाजी, आमच्याकडे भरती झाले. एका सकाळी त्यांची खाट बदलली आणि हिला कुणी सांगितलंच नाही. त्या नव्या खाटेची चिठ्ठी आली, तिच्यावरचा फोन अक्काचा होता. पण हा फोन हॉस्पिटलचा; स्वतःच्या मोबाइलमध्ये नुसतं 'अक्का' असतं, बहिणीचे आकडे कुणाला पाठ असतात? अक्काही तापानं फणफणलेली, घसा पार बसलेला. तिचं 'हॅलो' हिनं ओळखलं नाही.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमचा पेशंट वारला. आपण त्यांच्या कोण?"

 पलीकडून घोगरा आवाज आला, "मी अक्का."

फोन बंद झाला. त्यानंतर अक्कानं बोलणंच टाकलं. दार उघडलं नाही, फोन उचलला नाही. आई अक्काकडे राहायची, त्यामुळे आईची भेटही तुटली.

साथ ओसरली, पण फोनताईनं हाय खाल्ली ती खाल्लीच. फोन वाजला की ती खुर्चीवरून उठून बाहेर जायची. शेवटी तिला वरच्या मजल्यावर चादरींच्या खोलीत बसवलं. समुपदेशक बाईंनी सांगितलं, अशा दुःखातूनच माणूस मोठा होतो. सांगायला यांचं काय जातं? मला तर ती रोज थोडी विझताना दिसत होती. तिला एकच हवं होतं, अक्कानं बोलावं. "शिव्या दे म्हणावं, पण बोल," असं ती घड्या घालताना पुटपुटायची.

एका दुपारी आम्ही तिथेच डबा खात होतो आणि तिचा मोबाइल वाजला. 'अक्का.' घास हातातच राहिला. जुन्या सवयीनं तिनं स्पीकर लावला.

"जवळ कोणी आहे का तुझ्या?" अक्कानं विचारलं.

या प्रश्नानंतर काय येतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग बस जरा."

फोन वाजल्यावर ती उठून उभी राहिली होती. मीच स्टूल सरकवलं. त्याचा आवाज होईपर्यंत अक्का थांबली.

"आई गेली गं."

ती किंचाळली नाही. दोघी नुसत्या रडत राहिल्या, आणि फोन कुणीच ठेवला नाही. मला अक्काचा राग आला होता. बोलायला हाच दिवस सापडला हिला! पण तिनं फोनताईचीच पद्धत शब्दन् शब्द पाळली होती, हेही मला दिसत होतं.

बऱ्याच वेळानं फोनताईनं विचारलं, "अक्का, तुझ्याजवळ कोणी आहे का?"

"नाही गं. कुणीच नाही."

"मग बसून घे तू. मी येते."

फोन सुरूच ठेवून ती जिना उतरली. पलीकडचं रडणं मला खालच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.