सीटीच्या सकाळचा अर्धा कप

धाकटा भाऊ छातीत जळजळतंय म्हणता म्हणता गेला, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून माझा हात सारखा छातीवर. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उगाच घोर लावून घेण्यापेक्षा सीटी करा, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात का ते दिसेल." आदल्या दिवसापासून चहा बंद, नाडी साठीच्या आसपास हवी, नाहीतर फोटो हलतो. आता मी मुळात स्वस्थ बसणारा माणूसच नव्हे. बसची वाट बघतानाही पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जातो.

सेंटर राजारामपुरीत, आक्काच्या घराजवळ. म्हणून सकाळी आधी थोरल्या बहिणीकडं, या आक्काकडं गेलो. आमच्यात घरी आलेल्याला चहाशिवाय पाठवत नाहीत. "अर्धाच घे की, त्येनं काय हुतंय?" ती म्हणाली. तिचं मन मोडवेना. घेतला, आणि तिला घेऊनच निघालो.

सेंटरमध्ये नाडी भरली ब्याण्णव. नर्सनं विचारलं, "काका, चहा घेतलायसा काय?"

"न्हाय," मी बेधडक ठोकून दिलं.

नाडी उतरायची गोळी दिली आणि बसवून ठेवलं. तासाभरात मी पाच वेळा उठलो, दोनदा जिना उतरून चढलो, आक्काच्या शिव्या खाल्ल्या. नाडी पंच्याऐंशी. मला आजच कळायला हवं होतं. त्या भीतीत आणखी एक दिवस काढायची माझी तयारी नव्हती, आणि आक्काच्या चहाला मी मनातल्या मनात लाखोली वाहत होतो.

तेवढ्यात आक्का उठली आणि नर्सपुढं जाऊन रडायलाच लागली. "मीच पाजला ओ चहा. धाकट्यालाबी मीच सोडा पाजून झोपवलं हुतं. पित्त हाय म्हटलं. त्यो उठलाच न्हाय."

हे तिनं चार महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. नर्सनं उद्या या म्हणून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नाडी बासष्ट. शिरेतून औषध गेलं तसं अंग गरम झालं, श्वास रोखायला लावला, आणि थोड्या वेळात बाहेर. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, एका नळीत थोडा अडथळा आहे, गोळ्यांवर भागेल. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

आक्कानं मात्र डॉक्टरांना विचारलं, "त्येचा असा फोटो काढला असता, तर त्यो ऱ्हायला असता काय ओ?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "न्हाय आक्का. त्येचं येगळं हुतं."

मला काय कळतंय त्यातलं? तरी तिचा हात धरून घर येईपर्यंत मी तेच सांगत राहिलो.