फुलाफुलांच्या कागदाचं झाड

बायांनो, आज दुपारी माझी नात पिंकी खोलीला कडी लावून बसली. नऊ वर्षांच्या पोरीला कडी कशाला लागती? मला तिथंच शंका आली.

दार उघडायला लावलं, तर साड्यांच्या कपाटात मी जपून ठेवलेला फुलाफुलांचा कागद तिनं कापलेला. पंख्यासारख्या घड्या घालून तीन त्रिकोण केले आणि एकावर एक चिकटवून झाड केलं. ख्रिसमसचं कार्ड म्हणं.

"कुणाला?"

"खालच्या मार्था काकूंना. तुझं पण नाव लिवलंय, आज्जी."

माझं नाव? त्या बाईशी मी दिवाळीपासून बोलत नाय. पिंकीच्या हातनं फराळाचं ताट पाठवलं, तर तिच्याच हातनं रिकामं वापस आलं! कुणी रिकामं ताट वापस करतं का? चिमूटभर साखर तरी टाकावी.

पोरीला मार्थानंच फितवलं असणार, म्हणून कार्ड घेऊन मीच खाली गेले. पिंकी "नको, नको" करत मागं.

मार्थानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही बोलणंच बंद केलं. मला वाटलं, ताटात पाठवलेली नानकटाई आवडली नाय."

मी पिंकीकडं बघितलं. ती पायाचा अंगठा बघत होती.

"लई खुसखुशीत होती," मी मार्थाला म्हणलं.

आता सांगा, तुमच्या घरी ताट कुणाच्या हातनं वापस येतं? जिन्यात जरा नजर ठेवा.